शाल, श्रीफळ आणि हिशेब



सुरतेतल्या भेस्तानला भाषणाला चाललोय म्हटल्यावर एका पुणेकर स्नेह्याने मला विचारलं, "तिकडे मराठी ऐकायला कोण येणार?" मी म्हटलं, बाबा रे, उधन्याला उतर आणि पांडेसरा, डिंडोली, लिंबायत, भेस्तान असा पायी हिंडून ये. जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा अर्धा मतदार तुला तिथेच सापडेल. उधन्याहून जळगावला जाणाऱ्या रुळाने शंभर वर्षांत माल किती वाहिला ते रेल्वेला ठाऊक, पण माणसं किती वाहिली ते या सभागृहाकडे बघून कळतं. तेव्हा भाषण मी मराठीत करतो. हसायचं असेल तर अहिराणीत हसा. (हशा)

ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीसाठी उभं राहायचं तर संत, सुधारक, शेती, सहकार असा एखादा भारदस्त विषय घ्यावा अशी रीत आहे. मी टीव्ही घेतलाय. त्यातही एकाच तऱ्हेचा कार्यक्रम घेतलाय: एकेकाळी गाजलेल्या, आता मागे पडलेल्या किंवा मुळातच जगावेगळ्या माणसाच्या घरी कॅमेरा घेऊन जायचं आणि त्याच्याशी बोलायचं. "सध्या काय करता?" हा त्या कार्यक्रमाचा पहिला प्रश्न. तुम्ही म्हणाल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? माझं म्हणणं असं, की विसरलेल्या माणसाला समाज पुन्हा भेटायला जातो तेव्हा त्याला काय विचारतो, यावरून त्या समाजाची पुरती ओळख पटते. आपण आपल्या विसरलेल्या माणसांना काय विचारतो? आणि काय विचारायचं टाळतो? आज बोलायचंय ते एवढ्यावरच.

सुरुवात जरा लांबून करतो. इंग्लंडात बीबीसीवर २००० ते २००२ या काळात एक मालिका झाली, 'व्हेन लुई मेट'. लुई थरू नावाचा चष्मा लावणारा, किडकिडीत, दिसायला अगदी बावळट तरुण. तो अशा लोकांच्या घरी जाऊन दिवसचे दिवस मुक्काम ठोकायचा. पॉल डॅनियल्स हा एकेकाळचा टीव्हीवरचा बडा जादूगार, कीथ हॅरिस हा हिरव्या बदकाच्या बाहुलीला बोलायला लावणारा शब्दभ्रमकार, नील हॅमिल्टन हा लाचखोरीच्या आरोपात अडकून १९९७ साली खासदारकी गमावलेला पुढारी आणि त्याची बायको. थरू त्यांच्या स्वयंपाकघरात बसणार, त्यांच्या गाडीत बसणार, चहा पिणार आणि मधूनच एखादा असा भाबडा प्रश्न टाकणार की समोरच्याची ततपप व्हावी. कॅमेरा बंद करायची घाई नाही. समोरचा गप्प बसला तर हाही गप्प बसणार. आपल्याकडचा निवेदक गप्प बसलेला तुम्ही कधी पाहिलाय का?

या मालिकेतला सगळ्यांत गाजलेला भाग जिमी सॅव्हिलचा, २००० सालचा. सॅव्हिल म्हणजे इंग्लंडचा लाडका टीव्हीवाला. डोक्यावर पांढरे केस, तोंडात सिगार, अंगात चकचकीत कपडे. रुग्णालयांसाठी लाखो पौंडांचा निधी जमवणारा, राणीने 'सर' केलेला. थरू त्याच्या घरी गेला तेव्हा तो म्हातारा झाला होता, एकटा होता आणि टीव्हीवरून जवळपास हद्दपार. आईला जाऊन वर्षं लोटली होती, पण तिचे कपडे त्याने कपाटात जसेच्या तसे टांगून ठेवले होते. दरवर्षी धुलाईला देऊन आणायचा. थरूने त्याला लहान मुलांविषयीच्या अफवांबद्दलही तोंडावर विचारलं. सॅव्हिलने उत्तर दिलं ते असं, की मुलं आपल्याला आवडत नाहीत असं मी मुद्दामच सांगतो, म्हणजे वर्तमानपत्रवाले मागे लागत नाहीत. प्रेक्षक हसले. किती विचित्र म्हातारा, किती मजेशीर!

२०११ साली सॅव्हिल वारला. पुढच्याच वर्षी जे बाहेर आलं त्याने इंग्लंड हादरलं. त्याने दशकानुदशकं मुलामुलींचं, रुग्णालयातल्या रुग्णांचंही लैंगिक शोषण केलं होतं. निधी ज्या रुग्णालयांसाठी जमवला, तिथल्याच रुग्णांचं. त्याच्याकडे मुक्काम केलेला, त्याला तोंडावर प्रश्न विचारलेला थरू फसला होता. २०१६ साली थरूने त्यावर दुसरा माहितीपट केला, शोषण झालेल्या बायकांना भेटला आणि स्वतःला समोर बसवून तपासलं. हे त्याचं मोठेपण मी मानतो. पण मुद्दा लक्षात घ्या. विक्षिप्तपणा हा फार चांगला पडदा असतो. माणूस मजेशीर आहे म्हटलं की आपण त्याच्याकडे बघतो आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसांकडे बघायचं राहून जातं. त्या मालिकेला सगळं दिसत होतं: कपाट, सिगार, एकटेपण. ज्यांचं नुकसान झालं ती माणसं तेवढी चौकटीत नव्हती.

हे झालं त्यांचं. आता घरी या.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' सुरू झालं. तबस्सुम! इथे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर आत्ता हसू आलेलं मला दिसतंय. एकवीस वर्षं, म्हणजे १९९३ पर्यंत तो कार्यक्रम चालला. त्यात एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. तबस्सुम स्वतःच बेबी तबस्सुम होती. १९५१ च्या 'दीदार'मध्ये नर्गिसचं लहानपण तिने केलं. लहानपणी अख्ख्या देशाने गालगुच्चा घ्यावा आणि मोठेपणी त्याच देशाने ओळख विचारावी, हे बालकलाकाराचं ठरलेलं नशीब. म्हणजे प्रश्न विचारणारीच मागे पडलेल्यांच्या पंक्तीतून उठून आलेली होती. ती समोरच्याला घालूनपाडून बोलली नाही. तिने कुणाला रडवलं नाही. शेरोशायरी, चुटके, एखादं गाणं, झालं.

तबस्सुमबद्दल मला माया आहे. तरी विचारतो, त्या एकवीस वर्षांत एखाद्या कलावंताने "मला या चित्रपटाचे पैसेच मिळाले नाहीत" असं सांगितल्याचं कुणाला आठवतंय? पुढे झी टीव्हीवर फारुख शेख यांनी 'जीना इसी का नाम है' केलं. फार देखणा कार्यक्रम. अमेरिकेतल्या 'धिस इज युअर लाइफ'च्या वळणावरचा: जुने शिक्षक येणार, हरवलेला मित्र पडद्यामागून येणार, डोळे पाणावणार. आपल्या सह्याद्रीवर विक्रम गोखल्यांनी 'दुसरी बाजू' केलं, तेही अभ्यासपूर्ण. पण या सगळ्यांवर आपल्या एका सवयीची सावली आहे, आणि ती सवय म्हणजे सत्कार. म्हातारा कलावंत दिसला की आपले हात आपोआप शालीकडे जातात. शाल, श्रीफळ, मानपत्र, फोटो. माणूस शालीत गुंडाळला की त्याच्या अंगावरचे वळ दिसत नाहीत. इंग्रजांचा कॅमेरा उघडं पाडायला निघतो, आपला कॅमेरा झाकायला. आणि दोघांच्याही हातून एक प्रश्न निसटतो. साधा, व्यवहाराचा, तुमच्या-माझ्या रोजच्या बोलण्यातला: "पैसे कुठे गेले?"

इथे मला भगवानदादांकडे यायचंय आणि जरा रेंगाळायचंय, कारण ते तुमच्यातले आहेत. भगवान आबाजी पालव. बाप कापड गिरणीतला कामगार. स्वतः पोरानेही मुंबईत अंगमेहनत केली. तुम्ही मागावर उभे राहता, त्याच धंद्याच्या पोटातून निघालेला हा पोरगा. दांडगा, बुटका, हीरो म्हणावं असं काहीच नाही. मूकपटापासून सुरुवात, मग मारामारीचे स्वस्तातले चित्रपट. मोठ्या शहरातल्या बाबूलोकांनी ते पाहिले नाहीत. ते पाहिले चार आण्याच्या बाकावरच्या माणसांनी. १९५१ साली त्यांनी 'अलबेला' काढला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. नाच कसला? पाय जागेवर, खांदे हलतायत, हाताची बोटं नाचतायत. आजही लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांसमोर आपले काका-मामा जो नाच करतात, तो भगवानदादांचा आहे. ज्याला नाचता येत नाही त्यालाही येईल असा नाच त्यांनी काढला. अमिताभ बच्चन, गोविंदा यांच्या पायात तोच आहे, हे जाणकार कबूल करतात.

मग पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला. आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या. आणि मग चित्रपट पडत गेले. 'झमेला' काही 'अलबेला' झाला नाही. पुढे 'लाबेला' आला तोही नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहायला आले आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत गर्दीतल्या नाचात पाच सेकंदांसाठी दिसू लागले. पडद्यावर दिसले की थिएटरात शिट्टी वाजायची. शिट्टीचे पैसे कुणाला मिळायचे ते मी सांगायला नको. सांगतात की गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली आली की थांबायची, बँडवाले 'अलबेला'ची गाणी वाजवायचे आणि दादा खाली येऊन नाचायचे. २००२ च्या फेब्रुवारीत ते गेले. २०१६ साली त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला.

ही गोष्ट कुणीही सांगतो. बंगला आणि चाळ, चाळ आणि बंगला. चढ-उताराची गोष्ट आपल्याला फार आवडते, कारण ऐकून झाल्यावर सुस्कारा टाकून झोपता येतं. "नशीब हो, दुसरं काय?" मला ही गोष्ट नशिबावर सोडायची नाही. मी भगवानदादांच्या समोर बसलो असतो तर दोन प्रश्न विचारले असते. पहिला: दादा, 'अलबेला'ची गाणी रेडिओवर वाजतात, बँडवर वाजतात, तो चित्रपट पुन्हा पुन्हा लागतो, तर त्यातला हिस्सा तुमच्या चाळीच्या पत्त्यावर येतो का? तुमच्याबरोबर रांगेत नाचलेल्या पोरींच्या पत्त्यावर येतो का?

आणि दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एक थप्पड मारायचा प्रसंग होता. मारणारे भगवान, खाणाऱ्या ललिता पवार, आपल्या येवल्याच्या. थप्पड खरीच लागली. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, जवळजवळ तीन वर्षं उपचारांत गेली. नायिका होत्या त्या कजाग सासू झाल्या. त्यांनी त्या सासूचंही सोनं केलं, ती गोष्ट निराळी. पण कामावर झालेला हा अपघात आहे, मित्रांनो! प्रोसेस हाउसमध्ये पट्ट्यात हात गेला तर तुम्ही काय विचारता? दवाखाना कुणी केला, भरपाई कुणी दिली, कामावर परत घेतलं का? हेच प्रश्न सिनेमाच्या स्टुडिओत का विचारू नयेत? आपण तिथे विचारतो, "मॅडम, तुमच्या त्या डोळ्याविषयी काही किस्सा सांगा ना." किस्सा!

अमेरिकेतल्या नटांनी हा हिशेब फार आधी मागितला. १९६० साली त्यांच्या संघटनेने संप केला. त्या वेळी अध्यक्ष कोण होतं सांगू? रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्या संपातून चित्रपट टीव्हीवर दाखवला तर नटाला वाटा, निवृत्तिवेतन आणि आजारपणाची सोय या गोष्टी पदरात पडल्या. आपल्याकडे गीतकार आणि संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क कायद्याने पक्का व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. तोवर कितीजणांच्या गाण्यांवर कितीजणांचे बंगले उठले असतील, करा हिशेब.

माझ्यावर आता कुणी आक्षेप घेईल की तुम्ही सगळंच पैशावर आणून ठेवलंत. कला, प्रतिभा, एकटेपणा, वार्धक्य, यांचं काय? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून एका बाईंची गोष्ट सांगतो. या बाईंनी टीव्ही येण्याआधीच या कार्यक्रमाचा सर्वोत्तम भाग करून ठेवलाय, आणि तोही कागदावर.

हंसा वाडकर. मूळ नाव रतन साळगावकर. सिनेमात गेल्याने घराण्याची बदनामी नको म्हणून आडनाव बदललेलं. घर चालवायला पोरीला सिनेमात घातलं, पण घराण्याचं नाव मात्र पडद्यावर नको. वा रे न्याय! 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी', आणि १९५९ चा अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंदला हा चित्रपट शंभरावर आठवडे चालला. तुमच्या आजोबांनी बैलगाडीने जाऊन तो पाहिला असेल. त्यानंतर काही वर्षांत बाई मागे पडल्या, आजारी झाल्या. तेव्हा त्यांच्याकडे एक तरुण पत्रकार गेला, अरुण साधू. पुढे 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' लिहिणारे तेच. बाई बोलत गेल्या, हे लिहीत गेले. १९७० साली 'सांगत्ये ऐका' याच नावाने पुस्तक निघालं आणि १९७१ साली बाई गेल्या.

त्या पुस्तकात काय आहे? सगळं आहे. दारू आहे, लग्न आहे, लग्नाबाहेरचे पुरुष आहेत, मूल हवं असताना काढायला लावलेलं मूल आहे, एका गावात जमीनदाराच्या घरात पडद्याआड काढलेली वर्षं आहेत. आणि पैसाही आहे: आपण मिळवलेला पैसा कोण मोजत होतं, कोण खर्चत होतं, हे बाई सांगतात. स्वतःला सोडत नाहीत, दुसऱ्यालाही सोडत नाहीत, आणि रडत तर मुळीच नाहीत. साधूंनी तिथे केलं काय? ते मध्ये आले नाहीत. शाल घातली नाही, की खिडकीतून डोकावून "बघा, कशी झालीय" असंही म्हटलं नाही. शब्द बाईंचा, लेखणी साधूंची, आणि पुस्तकावर नाव बाईंचं.

आता गंमत बघा. १९७७ साली श्याम बेनेगलांनी या पुस्तकावरून 'भूमिका' काढला. हंसाबाईंची भूमिका कुणी केली? स्मिता पाटीलने. (टाळ्या) वाजवा, वाजवा. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी, तुमचा हक्कच आहे. बेनेगलांना ती दिसली कुठे? मुंबई दूरदर्शनवर, मराठी बातम्या सांगताना. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायची असं तिच्याबद्दल सांगतात. म्हणजे हंसा वाडकर गेल्यावर जो टीव्ही आला, त्याच टीव्हीवरची मुलगी उठून हंसा वाडकर झाली. तेव्हा ती विशीत होती, आणि थकलेल्या, चाळिशीतल्या बाईचं थकलेपण तिने नुसत्या मानेने दाखवलं. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ साली, एकतिसाव्या वर्षी ती गेली. तुमच्या सुरतेचे संजीवकुमार, म्हणजे हरिहर जरीवाला, त्याच्या आदल्या वर्षी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. या दोघांना कुणी "सध्या काय करता?" असं विचारू शकलं नाही. त्यांच्या नावाने सभागृहं आणि पुरस्कार निघाले. जो म्हातारा होतो त्याचीच आपल्याला पंचाईत होते.

शांता हुबळीकरांचं तसंच. प्रभातच्या १९३९ च्या 'माणूस'मधली मैना. ज्या गाण्याने त्या घराघरांत गेल्या, त्याचेच शब्द त्यांनी आत्मचरित्राच्या नावाला घेतले, 'कशाला उद्याची बात'. उतारवयात त्यांना आश्रमाचा आसरा घ्यावा लागला. उद्याची बात कुणीतरी करायला हवी होती, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

पुढे म्हणजे आपल्या काळात. इथे मला जपून बोलावं लागणार, कारण मुंबईकडे निघालं की भेस्तानच्या पुढचं तुमचं स्टेशनच सचिन आहे. (हशा) मी बोलतोय विनोद कांबळीबद्दल. १९८८ साली शारदाश्रमसाठी दोन पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली, त्यातला एक; दुसरा सचिन. १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकं. सतरा कसोटी, सरासरी चौपन्नच्या वर, आणि कसोटी कारकीर्द संपली तेव्हा वय तेवीस-चोवीस. २००९ साली स्टार प्लसवर 'सच का सामना' आलं. खुर्चीत बसायचं, खरं-खोटं तपासायच्या यंत्राच्या निकालावर उत्तरं द्यायची, समोर घरचे लोक, आणि बक्षीस एक कोटीपर्यंत. कांबळी त्या खुर्चीत बसला. मित्राने मला अजून मदत करायला हवी होती, अशा आशयाचं तो बोलला आणि दुसऱ्या दिवशी देशभर तेच. मैत्री तुटली का? कोण बरोबर, कोण चूक? त्याच वर्षी तो 'बिग बॉस'च्या घरातही जाऊन आला.

मला विचाराल तर त्या कार्यक्रमाने कांबळीला एकच गोष्ट विचारली नाही, आणि ती त्याच्या खेळाबद्दलची होती. चौपन्नच्या सरासरीचा फलंदाज विसाव्या-बाविसाव्या वर्षी शिखरावर आणि चोविसाव्या वर्षी बाहेर, तर त्या पोराची काळजी घेण्याची व्यवस्था कुठे होती? हा प्रश्न यंत्राला कळत नाही. यंत्राला कळतं हो किंवा नाही. २०२२ साली कांबळीनेच मुलाखतीत सांगितलं की क्रिकेट मंडळाच्या महिना तीस हजारांच्या निवृत्तिवेतनावर माझं घर चालतं आणि मला काम हवंय. काम हवंय, असं तो म्हणाला! दया मागितली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर दोघांच्या गुरूंच्या, आचरेकर सरांच्या, स्मारकाच्या कार्यक्रमात तो थकलेला दिसला. त्याने सचिनचा हात धरून ठेवल्याची चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलीत, पुढेही पाठवलीत. मीही पाहिली. त्या चित्रफितीत प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. नुसतं बघणं होतं.

'बिग बॉस'बद्दल फार बोलत नाही. २००६ साली हिंदीत सुरू झालं तेव्हा पहिला विजेता राहुल रॉय होता, १९९० च्या 'आशिकी'चा नायक. म्हणजे मागे पडलेल्यांना परत आणायचा धंदा हा त्या खेळाचा पायाच आहे. मराठीत साताऱ्याचे अभिजित बिचुकले आले. निवडणुकीला उभं राहणं हाच ज्यांचा लौकिक, अशा माणसाला घरात घेतलं आणि महाराष्ट्र हसला. हसायला माझी हरकत नाही. सॅव्हिलकडे बघूनही लोक हसले होते, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं. दोन माणसांची तुलना मी करत नाहीये, बघणाऱ्यांची करतोय.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत जवळचा भाग. टीव्हीच्या कॅमेऱ्याला जी मागे पडलेली नामवंत मंडळी दिसतच नाहीत, ती तुमच्या गल्लीत राहतात.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव इथे सांगायला नको. खान्देशातल्या जत्रांतून तमाशा पाहिलेली पिढी समोर बसलीय. भर कार्यक्रमात कनातीमागे बाळंत होऊन ती बाई पुन्हा बोर्डावर आली, ही गोष्ट अख्खा महाराष्ट्र सांगतो आणि छाती फुगवतो. मी ती ऐकतो तेव्हा माझ्या मनात येतं: तिला पुन्हा बोर्डावर यावं का लागलं? खेळ बंद पडला असता तर तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले असते, फडावरच्या पन्नास-साठ पोटांचं काय झालं असतं? तमाशात कलावंत उचल घेतो, ती वर्षभर फेडतो, फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही बांधला जातो. तुमच्यातल्या कितीजणांनी मुकादमाकडून, शेठकडून उचल घेतलीय? मग विठाबाईंच्या त्या रात्रीचा अर्थ तुम्हाला कुठल्याही समीक्षकाहून जास्त कळतो. राष्ट्रपतींच्या हातून तिला सन्मान मिळाला. जानेवारी २००२ मध्ये ती गेली तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भागवलं. मग २००६ पासून महाराष्ट्र सरकारने तिच्या नावाने तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. विठाबाई आणि भगवानदादा एकाच वर्षी, महिनाभराच्या आत गेले. आपल्याला त्या वर्षी शोकसभांची गर्दी झाली असेल.

विठाबाईंचं निदान नाव राहिलं. तिच्या मागे ढोलकी वाजवणारा कोण होता? खान्देशातल्या फडांवरचे सोंगाडे, सरदार, नाच्ये, वहीगायनाच्या मंडळातले म्हातारे, लग्नातल्या बँडचे पिपाणीवाले यांतले कितीतरी गाव सोडून सुरतेला आले. कुणी मागावर उभा राहिला, कुणी वॉचमन झाला, कुणी मुलाच्या खोलीत कोपऱ्यात पडून आहे. महाराष्ट्र सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. २०२४ पासून महिन्याला सरसकट ५,००० रुपये. पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशाला. भेस्तानचं रेशनकार्ड असलेला सोंगाड्या त्यात बसत नाही. चाळीस वर्षं ज्याने धुळ्या-नंदुरबारच्या लोकांना हसवलं, तो पोटासाठी शेजारच्या राज्यात सरकला म्हणून कलावंत राहिला नाही? व्याख्यानमाला चालवणाऱ्या या मंडळाने यावर ठराव करावा आणि दोन्ही सरकारांकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे. ठरावाने काय होतं, असं म्हणू नका. निदान कागदावर तरी येतं.

आणि दुसरी विनंती इथल्या तरुण पोरापोरींना. दूरदर्शनच्या त्या काळी टेप महाग होत्या. जुन्यावर नवं छापलं जायचं आणि कितीतरी मुलाखती कायमच्या पुसल्या गेल्या. तुम्हाला ती अडचण नाही. तुमच्या खिशात कॅमेरा आहे आणि खान्देशी विनोदांचे व्हिडिओ तुम्ही रोज लाखोंनी बघताय. या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गल्लीतल्या अशा एका म्हाताऱ्याकडे जा. शाल नेऊ नका. चहा मागा आणि बसा. त्याच्या अहिराणीतच बोलू द्या, शुद्ध मराठी बोलायला लावू नका. फडात पहिल्यांदा कधी गेलात, सुपारी किती असायची, त्यातलं तुमच्या हातात किती यायचं, उचल कुणाकडून घेतली आणि कधी फिटली, फड बंद का पडला, सुरतेला कुणाच्या ओळखीने आलात, असं एकेक विचारा. रडला तर फोन खाली ठेवा, हसला तर हसा, खोटं बोलतोय असं वाटलं तर त्याच्याच जोडीदाराला जाऊन विचारा. त्याने कुणाचं नुकसान केलं असेल तर तेही विचारायला कचरू नका. शेवटी त्याचं नाव, गाव, फडाचं नाव आणि तारीख त्याच्याच तोंडून बोलून घ्या, आणि त्याची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्या. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ वक्त्याशिवाय ठेवा आणि पडद्यावर ही माणसं दाखवा. मी प्रेक्षकांत येऊन बसेन. रात्रपाळीवाल्यांसाठी ती संध्याकाळ रविवारची ठेवा, एवढं मात्र सांभाळा.